सहा पांढरे रुमाल

किळस हा त्या माणसाचा धंदाच होता. नगरपालिकेत स्वच्छता तपासनीस. माणसं जिथे खातात आणि खाल्लेल्याचा जिथे निकाल लावतात, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन नाक खुपसायचं, हे त्याचं काम. खिशात आणि बॅगेत मिळून सहा पांढरे रुमाल, कडक इस्त्रीचे. खानावळीत शिरला की एक रुमाल काढायचा, फळीवरून फिरवायचा आणि मालकाच्या डोळ्यांसमोर धरायचा. बोलायची गरजच पडायची नाही. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की रुमाल्या. त्याला हे ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं.

बावीस वर्षं दुसऱ्यांची घाण हुंगून माणसाचं काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारा. पाहुण्यांकडे पाणी पीत नाही, दाराची कडी कोपराने उघडतो, बसमध्ये दांडी धरायची वेळ आली तर एक रुमाल कायमचा बाद. प्रवासाला निघाला की बॅगेत एक जादा पँट, न जाणो कुठे बसावं लागलं तर. शिवाय साबण, पावतीबुकासारखं तपासणी पत्रक, दोरा, लाखेची कांडी, काडेपेटी आणि पितळी शिक्का. त्या दिवशी तर तो रजेवर होता. तरी शिक्का बरोबर. सवय हो, दुसरं काय.

रजा कशासाठी काढली होती, तेही सांगतो. खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. संध्याकाळी पाचपर्यंत मुलाने स्वतः येऊन सही केली तर खाट त्याच्या बापाची, नाहीतर यादीतल्या पुढच्या म्हाताऱ्याची, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. लाँचने तासभर, मग पलीकडून बसने पाऊण तास. नऊची लाँच धरली की अकरापर्यंत काम फत्ते.

बाबा आठ महिन्यांपूर्वी मोरीत घसरले आणि कमरेचं हाड मोडून जे खाटेला खिळले, ते खिळलेच. त्यांचं सगळं त्याची बायको करायची. सगळं म्हणजे सगळं. आणि हा? हा सकाळी कामावर जाताना त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहायचा, श्वास रोखायचा आणि विचारायचा, "बाबा, बरं आहे ना?" आतून "हं" आलं की निघाला. आठ महिन्यांत त्याने तो उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. रोज सकाळी दाराआडून बाबांचा आवाज यायचा, "माफ कर हं सूनबाई." तो ऐकू आला की हा रेडिओ मोठा करायचा.

बायकोची पाठ धरायला लागली, तेव्हा त्याला कारण मिळालं. "तुझ्यासाठीच करतोय," तो म्हणाला. ती म्हणाली, "माझ्या पाठीचं नाव पुढे करू नका. तुम्हाला वास सहन होत नाही, सरळ सांगा." खरं तेच होतं.

गंमत अशी, की बाबा स्वतः जन्मभर इस्पितळात वॉर्डबॉय होते. लोकांची शौचाची भांडी उचलली, पुसलं, धुतलं, मेलेल्यांनासुद्धा शेवटची आंघोळ घातली. वॉर्डात त्यांची एक रीत होती. माणूस कितीही घाण झालेला असो, सुरुवात पायांपासून. आधी पाय, मग बाकीचं. "एकदम वर हात घातला की माणूस लाजेने आकसतो," ते सांगायचे. "पाय धुतले की त्याला हात ओळखीचा होतो." घरी येताना फिनेलचा वास घेऊन यायचे आणि जेवताना पोराच्या तोंडात घास द्यायला जायचे, तर पोरगं मान फिरवायचं. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत. दारातच दोनदा कोपरापर्यंत हात धुवायला लागले, एवढंच. पोराने तरीही मान फिरवली.

देवाशीही याचं बिनसलं ते किळसेवरूनच. नऊ वर्षांचा असताना चर्चमधल्या रविवारच्या वर्गात पाळकांनी गोष्ट सांगितली. येशू जमिनीवर थुंकतो, त्या थुंकीचा चिखल करतो आणि जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो. याने हात वर करून विचारलं, "हात धुतले होते का?" वर्ग खो खो हसला. पाळकही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "तो आंधळा होता रे. जवळ कोण आलंय ते त्याला दिसत नव्हतं. हात लावल्याशिवाय कळणार कसं?" याला ते उत्तर काही पटलं नाही. थुंकीने बरं करणारा देव त्याच्या तपासणीत तिथेच नापास झाला. पुढे लग्नापुरता आणि मयतीपुरता चर्चमध्ये गेला, तोही कडेच्या बाकावर.

तर ती नऊची लाँच. धक्क्यावर पोचला तेव्हा खाडी दिसतच नव्हती. धुकं असं, की पाण्यात उभ्या लाँचचा फक्त शेंडा दिसत होता. तिकीट खिडकीवाला म्हणाला, "साहेब, उठेल तेव्हा उठेल. बसा आत."

आत बसा म्हणे. ती बसायची जागा होती? पत्र्याचं छप्पर, त्यावर कबुतरं, कबुतरांखाली बाकं, आणि कबुतरांनी बाकांचं जे करायचं ते केलेलं. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, जुन्यांवर नव्या. डिझेल, सडकी मासळी आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास. एक बाई बाकावर पोराचं नाक बोटांनी शिंकरून बोटं बाकालाच पुसत होती. चहावाली सगळे पेले एकाच बादलीत बुचकळून काढत होती आणि त्या बादलीतलं पाणी चहाच्याच रंगाचं होतं. रुमाल्या उभाच राहिला. एक तास उभा राहिला. माणसं ही जात मुळातच घाणेरडी, असं त्याचं मत होतं, आणि त्या तासाभरात ते आणखी पक्कं झालं.

दहा वाजता त्याला लघवीला जावं लागलं. धक्क्यावर सगळ्यांना मिळून एकच संडास. दार उघडलं आणि तो दोन पावलं मागेच आला. आतलं वर्णन करत नाही, तुम्ही जेवून बसला असाल. त्याची ओकारी घशाशी आली, आणि तिच्या मागोमाग आला राग. सकाळपासूनचा सगळा. रजेवर असलेल्या माणसाला सील लावायचा अधिकार नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण उकळी फुटली की भांड्याला कुठे कळतं. पत्रक भरलं, दोरा बांधला, लाख वितळवली आणि दारावर शिक्का मारला. "वापरास अयोग्य. बंद." खाली झोकदार सही.

तिकीट खिडकीवाला धावत आला. "साहेब, धुकं उठलं नाही तर माणसं जातील कुठे?"

"तासाभरात उठेल."

"आणि नाही उठलं तर?"

"मग तुम्ही लोकांनी आधीच साफ ठेवायला हवं होतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अकरा वाजले, बारा वाजले, धुकं तसंच. धडधाकट पुरुष धक्क्यामागे जाऊन आले. बायका चहावालीच्या घरी गेल्या, ते चढावर होतं. जाता येता प्रत्येकाने रुमाल्याकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं. दोनची लाँच मिळाली तरी चारच्या आत पोचू, असा हिशेब त्याने मनात मांडला.

बाराच्या सुमाराला एक म्हातारा काठी टेकत त्याच्याजवळ आला. स्वच्छ पण विरलेला सदरा, हातात पिशवी. पलीकडे लेकीकडे निघाला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तेवढं दार उघडता का? मला चढ चढवत नाही."

"नियम आहे, आजोबा. रोग पसरतो."

"दोन मिनिटांचंच काम होतं."

"सील एकदा लागलं की ऑफिसच्या लेखी हुकमाशिवाय निघत नाही." हे त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, समजावून. सील तोडणाऱ्या माणसाला त्याने बावीस वर्षांत कधी सोडलं नव्हतं. म्हातारा "बरं, बरं" म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला, गुडघे आवळून.

दीड वाजता वास आला.

ज्याचं नाक सगळ्यात तीक्ष्ण, त्याला तो सगळ्यात आधी आला. मग पोरवाली बाई उठली. मग बाजूचे दोघे. बघता बघता त्या बाकाभोवती मोकळं रिंगण पडलं आणि मधोमध तो म्हातारा, मान खाली घालून, पिशवी मांडीवर घट्ट धरून. त्याच्या पँटमधून खाली ओघळ आला होता, चपलांपर्यंत. रुमाल्याने नाकाला रुमाल लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याला त्या म्हाताऱ्याचा राग आला. खरंच आला. मोठ्या माणसाला कळू नये? घरातून निघावंच कशाला मग?

चहावाली त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे रुमाल आहेत ना भरपूर?" आणि पुढे गेली.

आणि तेवढ्यात धुकं उठलं. दहा मिनिटांत अख्खी खाडी मोकळी. लाँचने भोंगा दिला, खिडकीवाला ओरडला, माणसं पिशव्या घेऊन रांगेला लागली. दोनची लाँच. पुढची थेट साडेचारला. रुमाल्या रांगेत तिसरा होता. म्हातारा काठी टेकत शेवटी येऊन उभा राहिला, तर लाँचवरच्या माणसाने लांबूनच हात हलवला. "आजोबा, असं नाही चढवणार. बंद केबिन आहे, लोक ओकतील माझे."

म्हातारा बाजूला झाला. रुमाल्याची नजर चुकून त्याच्यावर गेली, आणि म्हाताऱ्याने त्यालाच हात जोडले. "माफ करा हं साहेब," तो म्हणाला. "तुमच्यापुढे घाण झाली."

माफ करा हं.

इथे रेडिओ नव्हता. लाँचच्या फळीवर टाकलेला पाय त्याने मागे घेतला. मागच्याने शिवी दिली, "चढायचं नसेल तर वाट सोडा." त्याने वाट सोडली. लाँच सुटताना तो धक्क्यावर उभा होता आणि पलीकडची खाट त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जात होती. आपण हे काय केलं, असं त्याला वाटलं, आणि स्वतःचाच संताप आला.

मग तो संडासाच्या दाराशी गेला आणि स्वतःच्या सहीवरून स्वतःचंच सील फोडलं. लाख नखात गेली.

सांगणारे सांगतात की अशा वेळी माणसाला उजेड दिसतो, गाणं ऐकू येतं. त्याला फक्त वास आला. त्याने नळाच्या पातळ धारेखाली बादली लावली, चहावालीकडून पातेलंभर गरम पाणी मागून आणलं आणि म्हाताऱ्याला हाताला धरून आत नेलं. पँटला हात घालायला वाकला आणि कोपऱ्यात जाऊन ओकला. तोंड पुसून परत आला, परत ओकला. म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला, "राहू द्या साहेब, राहू द्या." आणि लाजेने पँट धरून असा आकसला, की त्याचे हात सोडवेनात.

आता काय? स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्या घाणीत उभं राहून त्याने चाळीस वर्षांनी देवाला हाक मारली, तीही तक्रारीच्या सुरात. देवा, मला किळस येतेय. फार किळस येतेय. ती घालव असं म्हणत नाही. हात तेवढा चालू दे.

किळस गेली नाही. पण त्याचा हात खाली गेला आणि म्हाताऱ्याच्या चपला काढायला लागला. आधी पाय. हे त्याने ठरवून केलं नाही. रुमाल गरम पाण्यात बुडवून टाचा धुतल्या, बोटांमधलं काढलं, घोटे धुतले. तिसऱ्या रुमालाला म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. चौथ्याला त्याने आपणहून काठी भिंतीला टेकवली आणि पँटची बटणं सोडली. हात ओळखीचा झाला होता. थुंकीचा तो चिखल त्याला तेव्हा आठवला, आणि बाबांचं उत्तरही. हात लावल्याशिवाय कळणार कसं? चाळीस वर्षं त्याने त्या गोष्टीतल्या हातांची तपासणी केली होती. आंधळ्याचा विचार एकदाही केला नव्हता. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि हात घाण असल्यामुळे ते पुसताही येईना.

सहाच्या सहा रुमाल संपले. जादा पँट म्हाताऱ्याला घातली, ती दोन घड्या दुमडावी लागली. मग बादली होती, पाणी होतं, आणि हात तर वाया गेलेच होते, म्हणून त्याने तो संडासही घासून काढला. खिडकीवाला दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने तोही खराटा घेऊन आला. साडेचारला म्हातारा लाँचमध्ये चढला. फळीवरून वळून म्हणाला, "पँट पाठवून देईन. पत्ता?" रुमाल्या म्हणाला, "राहू द्या. मला तशीही आता चालणार नाही." हे बोलल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण म्हातारा हसला. एवढं धुतल्यावर त्याला हसायचा हक्कच होता.

धुकं देवाने पाडलं, असं तो आजही म्हणत नाही. धुकं पडतं, उठतं. पण अडकवून ठेवल्याशिवाय आपण कुठल्याही माणसाजवळ इतके तास थांबलो नसतो, एवढं तो कबूल करतो. रविवारी तो हल्ली चर्चमध्ये मधल्या बाकावर बसतो. बाक आधी पुसतो, ते सोडा.

घरी परतताना बसमध्ये शेजारची बाई नाकाला हात लावून उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. त्याने खिसा चाचपला. रुमाल एकही नव्हता.

साडेसहाला बायकोने दार उघडलं. "झाली सही?"

"नाही."

"का?"

"धुकं होतं." मग म्हणाला, "बादली कुठे आहे?"

"आंघोळीला? थांबा, पाणी तापवते. कसला वास येतोय तुम्हाला?"

"बाबांची बादली."

ती बघतच राहिली. मग बादली आणि फडकी आणून दिली. पाठीला हात लावून तिथेच भिंतीशी टेकली.

उंबऱ्यावर त्याने सवयीने श्वास रोखला आणि आत पाऊल टाकलं. श्वास किती वेळ पुरणार? खाटेपर्यंत पोचेतो सोडावा लागला आणि आठ महिन्यांचा तो वास एकदम छातीत गेला. घशाशी आलेलं त्याने गिळलं. बाबा डोळे उघडे ठेवून बघत होते. त्याने चादर वर सारली, पायांखाली घमेलं सरकवलं, फडकं भिजवलं आणि उजव्या पायाला लावलं.

"पाणी गार आहे," बाबा म्हणाले.

तो थांबला.

"आधी मनगटावर बघायचं. आणि असं गप्प राहून धुवायचं नाही. बोलायचं काहीतरी. माणसाला कमी लाज वाटते."

तो उठला, पाणी गरम करून आणलं, मनगटावर पाहिलं. परत बसला.

"आज धुकं फार होतं," तो म्हणाला.

"मग?"

मग त्याने सांगितलं. लाँच, कबुतरं, संडास, सील, म्हातारा, सगळं. आश्रमातली खाटही सांगितली. खाली मान घालून सांगितली, बोटांमधलं धूत धूत. बाबांनी मध्ये एकदाही "हं" केलं नाही. संपलं तेव्हा उजवा पाय धुऊन झाला होता.

"गाढव आहेस," बाबा म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे केला.